बदललेलं औषध

धारवाडच्या माळमड्डीत बाळाचार्य उमर्जी कुठे राहतात म्हणून विचारलंत तर लोक जरा विचारात पडतील. ‘तक्ता सर’ म्हणून विचारा, फाटकापर्यंत आणून सोडतील. तेहतीस वर्षं सरांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि तेवढ्या वर्षांत जीवनसत्त्वांचा तक्ता पोरांच्या डोक्यात असा काही ठोकून बसवला, की आज पन्नाशी ओलांडलेले वकीलही झोपेतून उठवले तर तो घडाघडा म्हणतील. त्यासाठी सरांनी स्वतः चार ओळी जुळवल्या होत्या:

अ नसेल तर रात्री आंधळा,
ब नसेल तर पाय पांगळा,
क नसेल तर हिरडी रडे,
ड नसेल तर हाड वाकडे.

कानडी तुकडीसाठी त्यांनी याच ओळी कानडीतही बसवल्या होत्या. त्या बसल्या नव्हत्या असं त्या तुकडीतले लोक अजून हसून सांगतात.

वर्गातल्या भिंतीवर सरांनी हाताने रंगवलेला पुठ्ठ्याचा मोठा तक्ता असे. पहिल्या रकान्यात जीवनसत्त्व, दुसऱ्यात ते कशात मिळतं, तिसऱ्यात ते कमी पडलं तर होणारा रोग. सरांचा सगळा जीव तिसऱ्या रकान्यात, कारण परीक्षेत मार्क तिथेच मिळत. एका जीवनसत्त्वापुढे एक रोग, तोही एका शब्दात. जास्त लिहिणाऱ्या पोराला ते म्हणायचे, “शहाणपणा नको. विचारलंय तेवढं लिही.” ‘ब१२’ या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘पंडुरोग’. म्हणजे अंगात रक्त कमी होणं. त्या एका शब्दावर शेकडो पोरं पास झाली, आणि पुढे त्याच एका शब्दाने सरांचा घात केला. ती हकीकत सांगायची तर आधी त्यांच्या भिंगाचं सांगायला हवं.

घर वैष्णवांचं आणि कडक. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही, एकादशी म्हणजे एकादशी. बाजारात नवं बिस्कीट आलं, नवी मिठाई आली, की गल्लीतल्या बायका पुडा आधी सरांकडे पाठवणार. सर कट्ट्यावर बसून भिंगातून पुड्यामागची मुंगीएवढी अक्षरं वाचणार आणि निकाल देणार, “चालतं,” नाहीतर “चालत नाही.” कुठे अंडं आहे, कुठे चरबी आहे, कुठे नुसता नंबर लिहून हाडाचा अर्क दडवलाय, सगळं ते हुडकून काढायचे. त्यांना त्याचा अभिमान होता. विज्ञान आणि सोवळं दोन्ही एकाच हातात धरणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता, आणि सरांना ते कोणी सांगायची गरज नसे.

जयलक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. माहेर गदगचं. बाई बोलायला थोड्या, गायला मोठ्या आणि चालायला वाऱ्यासारख्या. हरिदासांची दोनशे पदं त्यांना तोंडपाठ होती. रोज पहाटे पाऊण मैलावरच्या मठात त्या पायी जात, आणि बरोबर जायची हौस करून सरांनी दोनदा पाहिलं, तर दोन्ही वेळा ते अर्ध्या वाटेत कुंपणाला धरून उभे. “तुम्ही या सावकाश,” म्हणून बाई पुढे. गुरुवारी मठात बायकांचं भजन त्यांच्याशिवाय सुरू होत नसे. चौदा वर्षांपासून साखरेची गोळी चालू होती, तरी डॉक्टर म्हणत, “अक्का, ही साखर तुमच्या चालण्याला भिऊन आहे.”

चातुर्मासाचं व्रत या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चार महिन्यांत दर महिन्याला एक वर्ज्य करायचं. पहिला महिना भाजी, दुसरा दही, तिसरा दूध, चौथा डाळ-कडधान्य. महिना संपला की सोडलेलं परत पानात येतं. शरीरालाही ते ठाऊक असावं, कारण एवढ्याशाने कोणाचं कधी काही बिघडलं नव्हतं.

पण दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात त्यांचा एकुलता मुलगा श्रीवत्स करोनाने हुबळीच्या दवाखान्यात अकरा दिवस नळीवर होता. तारिहाळच्या कारखान्यात इंजिनिअर, चौतीस वर्षांचा, धडधाकट. सातव्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर ‘सांगता येत नाही’ म्हटलं. बाईंनी फोन ठेवला, देवासमोर दिवा लावला आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, “पोर घरी येऊ दे. दूध आणि दही, दोन्ही जन्मभर कृष्णार्पण.” श्रीवत्स घरी आला. बाईंनी त्या दिवसापासून दुधाचा थेंब तोंडात घेतला नाही.

हे म्हणजे काय झालं, ते नीट ऐका. मांस-मासळी, अंडं या घरात कधी आलंच नव्हतं. ज्या ब१२वर ते घर पिढ्यान्‌पिढ्या जगत होतं, ते येत होतं फक्त दुधा-दह्यातून. बाईंनी नवस केला तो नेमका तेवढाच एक दरवाजा बंद करण्याचा. तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात ‘दूध’ हा शब्द सरांनी स्वतःच्या हाताने रंगवला होता. ते मात्र येईल-जाईल त्याला बायकोच्या व्रताची थोरवी सांगत होते, आणि रोज तिच्यासमोर बसून दहीभात खात होते.

तेवीसच्या दिवाळीत बाईंच्या पावलांना मुंग्या यायला लागल्या. “पायात मोजे घातल्यासारखं वाटतं हो,” त्या म्हणायच्या, “जमीन लागतच नाही.” नेहमीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, “साखरेनंही होतं हे. पण तुमचं दूध-दही बंद, शिवाय ही साखरेची गोळीच ब१२ नीट लागू देत नाही. ही लाल कॅप्सूल रोज एक, तीन महिने घ्या. मग तपासू.” सल्ला अगदी बरोबर होता. एवढं झालं असतं तर आज सांगायला काही उरलंच नसतं.

नऊ दिवस बाईंनी कॅप्सूल घेतली. दहाव्या दिवशी पहिली पट्टी संपायला आली म्हणून सरांनी दुसरी काढली आणि सवयीने भिंग लावलं. औषधाच्या पट्टीवर त्यांनी भिंग कधी लावलं नव्हतं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत कॅप्सूलचं वरचं टोपण जिलेटिनचं असल्याचं लिहिलेलं होतं. जिलेटिन म्हणजे काय ते विज्ञानाच्या मास्तरांना कोणी सांगायला नको. गुरांची हाडं आणि कातडी. नऊ दिवस आपण आपल्या हाताने, पाण्याचा पेला पुढे करून, हे तिच्या तोंडात घातलं.

ते तडक प्रभंजनच्या मेडिकल दुकानात गेले. प्रभंजन त्यांचाच विद्यार्थी, त्याच मठाचा. त्याने पट्टी उलटसुलट करून बघितली. “होय की सर, टोपण तसलंच असतंय. पण आतलं औषध स्वच्छ. हेच साध्या गोळीतही मिळतं बहुतेक. डॉक्टरांना फोन लावून विचारू का?”

इथे सरांनी ‘विचार’ म्हटलं असतं तर! पण चारचौघांत, डॉक्टरांना फोन करून कॅप्सूलच्या टोपणाची चौकशी करायची म्हणजे आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसाला लोक हसतील, असं त्यांना वाटलं. गल्लीला निकाल देणारा माणूस दुसऱ्याला निकाल विचारायला लाजला. शिवाय डोक्यात तक्ता उभा होता. ब१२ कमी पडलं की काय होतं? पंडुरोग. म्हणजे रक्त कमी. मग रक्त वाढवणारं कुठलंही चालेल. त्यांनी शेल्फावरची एक बाटली उचलली. लोह आणि फॉलिक आम्ल, खोक्यावर हिरवा ठिपका, वनस्पतीजन्य. “हे दे,” ते म्हणाले, “आणि अक्काला यातलं काही बोलायचं नाही. तिला कळलं तर ती नऊ दिवसांचं प्रायश्चित्त म्हणून उपास धरेल.” प्रभंजनने उरलेल्या पट्ट्या मुकाट्याने परत घेतल्या. ज्यांनी छड्या मारल्या त्यांना उलटून कोण बोलणार?

घरी येऊन सर म्हणाले, “डॉक्टरांनी औषध बदलून दिलंय. कॅप्सूल बंद, हे दोन चमचे.”

बाईंनी बाटली हातात घेऊन बघितली. “होय? त्या लाल गोळीनं मुंग्या जरा कमी वाटत होत्या हो.”

“मनाचे खेळ असतात ते,” सर म्हणाले.

त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मान्य. तिच्या सोवळ्याला आपण जपलं, तिला कळूही न देता तिच्यावरचा दोष निवारला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. याचाच आज त्यांना सर्वांत जास्त राग येतो.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. साडेनऊचं हिमोग्लोबिन पावणेबारावर गेलेलं. सर डॉक्टरांकडे गेलेच नाहीत, रिपोर्ट स्वतःच वाचला आणि पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पंडुरोग गेला म्हणजे ब१२ भरून निघालं, उत्तर बरोबर, मार्क पूर्ण. बाई म्हणाल्या, “रक्त वाढलं असेल, पण पाय तसेच आहेत.” सर म्हणाले, “साखर आहे ती. जन्माची सोबत.”

मग एकेक सुरू झालं. मठातून बाई एका पायात चप्पल घालून घरी आल्या. दुसरी वाटेत कुठे गळली ते त्यांना कळलंच नव्हतं, अनवाणी पाय खड्यांवरून चालून रक्ताळला होता. पुढे त्या मठात देवासमोर हात जोडून डोळे मिटून उभ्या राहिल्या की डुलायला लागल्या, आणि एक दिवस तशाच आडव्या झाल्या. उठवल्यावर म्हणाल्या, “डोळे मिटले की जमीन जाते.” लोकांना ती भक्ती वाटली. तेव्हापासून त्या देवासमोर डोळे उघडे ठेवून उभ्या राहू लागल्या, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली, साधं वरण झोंबायला लागलं. मठात जाणं आधी आठवड्यातून दोनदा झालं, मग बंद.

एका गुरुवारी बायका भजनाला म्हणून घरीच आल्या. बाईंनी पद सुरू केलं, दुसऱ्या कडव्यापाशी थांबल्या, परत पहिलं कडवं घेतलं, परत थांबल्या. चौथ्या वेळी त्यांनी सगळ्यांकडे असं बघितलं, की ही घरात शिरलेली माणसं कोण. बायका एकेक करून उठल्या. “वय झालं हो अक्कांचं,” जाताना एकजण सरांना म्हणाली. बाईंचं वय तेव्हा चौसष्ट होतं.

आणि मग ते बोलणं सुरू झालं. चोवीसचा पावसाळा असेल. सर बाटली आणि चमचा घेऊन आले तर बाईंनी तोंड फिरवलं. “हे माझं औषध नव्हे. तुम्ही बदललंत.”

“डॉक्टरांनी बदललं, जया.”

“डॉक्टरांनी नाही. तुम्ही. तुम्ही माझं औषध लपवलंत.”

मग हे रोजचंच झालं. बाई उशीखाली हात घालून लाल गोळी शोधायच्या. शेजारणीला, दूधवाल्याला, फोनवर गदगच्या भावाला सांगायच्या, “हे माझं औषध बदलतात.” दर रविवारी श्रीवत्स हुबळीहून यायचा आणि आईचा हात हातात घेऊन समजवायचा, “अव्वा, अप्पा कशाला बदलतील गं? इतकं करतात तुझं.” त्या वेळी सर खोलीतच असत. ते टॉवेलाची घडी घालत, खिडकी लावत, पाणी भरत. ‘ती म्हणते ते खरं आहे’ एवढे पाच शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. सगळं घर तिला वेडी समजत होतं, ती एकटी खरं बोलत होती, आणि ते ज्याला ठाऊक होतं तो माणूस घड्या घालत होता. सरांचा कितीही कळवळा आला तरी याला माफी नाही.

पंचवीसच्या जानेवारीत न्हाणीघरात तोंडावर पाणी मारताना बाई पडल्या आणि परत उभ्याच राहू शकल्या नाहीत. श्रीवत्सने गाडीत घालून हुबळीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर नूतन, चाळिशीची, शांत बाई. तिने घाई केली नाही. एक धातूचा काटा वाजवून तो थरथरताच बाईंच्या घोट्याला लावला आणि विचारलं, “अक्का, थरथर कळते?” नाही. गुडघ्याला? नाही. पायाचा अंगठा वर केला, खाली केला, डोळे मिटून ओळखायला सांगितलं. बाईंनी चारही वेळा चुकीचं सांगितलं. जीभ बघितली. मणक्याचा स्कॅन झाला, रक्त गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने सरांना आणि श्रीवत्सला खोलीत बोलावलं.

“ब१२ ब्याण्णव आहे. दोनशेच्या वर तरी पाहिजे,” ती म्हणाली. “नसांवर एक आवरण असतं, ते टिकवायला हे जीवनसत्त्व लागतं. ते गेलं की मेंदूचा निरोप पायाला पोचत नाही आणि पाय कुठे आहे ते मेंदूला कळत नाही. विसरणं, संशय घेणं, चिडणं, तेही त्यातूनच. पण मला एक कोडं पडलंय. जुन्या कागदांत कॅप्सूल लिहिलेली आहे. तीन महिने ती घेऊनही एवढं कमी म्हणजे पोटातून शोषलंच जात नसणार. दुर्बीण घालून बघावं लागेल, आणखी तपासण्या कराव्या लागतील. कॅप्सूल पूर्ण घेतल्या होत्या ना?”

“घेतल्या की,” श्रीवत्स म्हणाला. “अप्पा स्वतः द्यायचे.”

हो म्हटलं असतं तर निभावलंही असतं. पण बायकोच्या पोटात उगीच नळी घालणार, आणि तीही आपल्यामुळे, हे त्यांना सोसलं नाही. “नऊ घेतल्या,” ते म्हणाले. “पुढच्या मी दिल्या नाहीत.” आणि मग सगळं सांगितलं, टोपण, प्रभंजन, सिरप, तक्ता.

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “सिरपमध्ये फॉलिक आम्ल होतं?” सरांनी मान हलवली. “म्हणून रक्त सुधारलं. फॉलिक आम्लाने रक्त भरून येतं, पण नसांना त्याचा काही उपयोग नाही. धोक्याची खूण तेवढी पुसली गेली आणि आत नसा जळत राहिल्या. सर, हे औषध जंतूंपासून हौदात तयार करतात. कुठल्या जनावराचा संबंध नाही. साधी गोळी मिळते, इंजेक्शन मिळतं. कोणालाही विचारलं असतंत तर एका मिनिटात कळलं असतं.”

श्रीवत्स वडलांकडे बघत नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाला, “मी दर रविवारी येऊन तिला खोटं पाडत होतो, अप्पा.” गाडीत बसताना एवढंच म्हणाला, “तिला आता हे सांगू नका. आधीच खूप सोसलंय.”

इंजेक्शनं सुरू झाली. आठवडाभर रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी स्वतःहून विचारलं, “आज वार कोणता?” दीड महिन्यात जिभेची आग गेली. होळीच्या सुमारास एका सकाळी स्वयंपाकघरात सरांच्या कानावर पद आलं, पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, अडखळत का होईना शेवटापर्यंत. सर कुकरसमोर उभे राहून लहान पोरासारखे रडले.

डोकं परत आलं, पाय आले नाहीत. “उशीर झाला,” डॉक्टर नूतनने स्पष्ट सांगितलं. “थोडं सुधारेल. वॉकर घेऊन घरातल्या घरात. पायांवर नजर ठेवून चालायचं, कारण पाय कुठे पडतोय ते आता डोळ्यांनाच बघावं लागणार. मठापर्यंत नाही जमणार.” पाऊण मैल वाऱ्यासारखं जाणाऱ्या बाईचं अंगण आता देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत, अकरा पावलांचं झालं.

सरांनी गुपचूप दही सोडलं. चौथ्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं. “हे काय नवीन? आता तुमचे पाय जायला नकोत,” म्हणून त्यांनी वाटी पुढे सरकवली. स्वतः मात्र दूध-दही घेतलं नाही. “मला इंजेक्शन आहे की. नवस देवाशी केलाय, तो मी कशाला मोडू?” सरांनी दही खाल्लं. ते घशाखाली उतरेना.

मेमधली दुपार. बाई खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या, सर समोर पेपर घेऊन. बाईंनी सूप मांडीवरच ठेवलं आणि म्हणाल्या, “एक विचारते. खरं सांगाल?”

“विचार की.”

“मध्यंतरी मी फार काही बोलत होते म्हणे. थोडंथोडं आठवतंय मला. तुम्ही माझं औषध बदललंत असं म्हणायची मी?”

“हो.”

“सगळ्यांना सांगत सुटले होते. दूधवाल्यालासुद्धा. त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते आता.” त्यांनी सुपातला एक खडा बाजूला काढला. “डॉक्टर म्हणतात आजारात असा संशय येतो. पण मला तेवढंच अगदी पक्कं आठवतंय हो, बाकी सगळं धूसर आहे. म्हणून विचारते. ते माझं वेड होतं का?”

हो म्हटलं की संपत होतं. डॉक्टरही तेच म्हणाल्या होत्या, मुलाने तर बजावलंच होतं. सरांनी पेपराची घडी घातली, आणि त्या घडीकडे बघता बघता त्यांना स्वतःची किळस आली.

“नाही,” ते म्हणाले. “तू खरं बोलत होतीस.”

मग त्यांनी सांगितलं. भिंग, टोपण, प्रभंजनने फोन लावू का म्हणून विचारलेलं, आपण नको म्हटलेलं, डॉक्टरांचं नाव घेऊन मारलेली थाप. रविवारी श्रीवत्स समजवायचा तेव्हा आपण गप्प बसलो, तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, रडू आलं नाही. आपण वेड्या नव्हतो एवढं ऐकून मात्र त्यांनी एकदा डोळे मिटले, आणि बसल्या जागी डुलल्या म्हणून लगेच उघडले.

“टोपण तेवढं?” त्या म्हणाल्या.

“तेवढंच.”

“मला का नाही विचारलंत?”

“तू घेतली नसतीस जया. तुझं सोवळं, तुझं व्रत... तुला किती लागलं असतं ते. तुझ्यासाठीच...”

“मी घेतली असती.”

सरांनी पेपर खाली ठेवला.

“घेतली असती,” बाई पुन्हा म्हणाल्या. “देवाला हात जोडून घेतली असती. मला चालायचं होतं हो. मठात जायचं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत. जया काय म्हणेल ते तुम्हीच ठरवून टाकलंत.”

चाळीस वर्षं ज्या बाईच्या सोवळ्याची ते गल्लीभर वाखाणणी करत होते, ती बाई त्यांनी कधी नीट बघितलीच नव्हती.

बाईंनी सूप बाजूच्या स्टुलावर ठेवलं आणि वॉकर ओढून घेतला. चार महिन्यांच्या सवयीने सर उठले, त्यांच्या कोपराखाली हात घालायला वाकले.

“बिड्री,” त्या हळूच कानडीत म्हणाल्या. “राहू द्या. जाते मी.”

त्या उठल्या. खाली आपल्या पावलांकडे बघत, एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल, अशा स्वयंपाकघराकडे निघाल्या. मागे वळून त्यांना बघता येणार नव्हतं, पायावरची नजर काढली की त्या पडल्या असत्या. सर हात तसाच पुढे धरून उभे होते आणि ती वळून बघेल म्हणून वाट पाहत होते.